हिस्पॅनिक संध्याकाळ

रविवार, ७ सप्टेंबर

आज कामाचा पहिला दिवस. लग्नाआधी नाशिकरोडला एका ट्रॅव्हल कंपनीत होते, त्यानंतर थेट आज. रणजितच्या बँकेतल्या नोकरीमुळे रियाधला आले तेव्हा ज्ञानदा दुपट्यात होती. आता ती दहावीत आहे. मधल्या सगळ्या वर्षांत कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की मी म्हणायचे, घरीच असते. आजपासून मी एका वसाहतीची ‘उपक्रम संयोजक’ आहे. तीन महिने चाचणीचे, मग कायम. ठेवतील की नाही, देव जाणे.

वसाहत शहराच्या पूर्वेला, उंच भिंतीच्या आत. सगळे तिला कम्पाउंड म्हणतात. परदेशी लोकांचे व्हिला, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, छोटासा दवाखाना. माझी साहेब नूरा. सौदी आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान. पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं भरभर. म्हणाली, राहायला येणाऱ्यांत स्पॅनिश बोलणारे वाढलेत, त्यांच्यासाठी ऑक्टोबरमध्ये काहीतरी कर. अमेरिकेत या दिवसांत ‘हिस्पॅनिक’ वारशाचा महिना पाळतात, तसंच. हिस्पॅनिक संध्याकाळ. यल्ला, चल, लाग कामाला.

मी मान डोलावली. हिस्पॅनिक म्हणजे नक्की कोण, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण पहिल्याच दिवशी कसं विचारणार?

घरी येऊन ज्ञानदाला विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता ती इंग्रजीत म्हणाली, मेक्सिकन वगैरे असतात ना, ते. हल्ली मीही तिच्याशी इंग्रजीतच बोलते. पटकन काम होतं.

बुधवार, १० सप्टेंबर

पोस्टर झालं. मोठी विणलेली टोपी, निवडुंग आणि मागे स्पेनचा झेंडा. रहिवाशांमधली स्पॅनिश वाटली ती आडनावं निवडून सगळ्यांना आमंत्रण पाठवलं. दवाखान्यातली नर्स कोराझोन दे लोस सांतोस, तिलाही. रणजितला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: मस्त, जेवायला बिर्याणी ठेव, सगळ्यांना चालते.

रविवार, १४ सप्टेंबर

पोस्टर काढायला लागलं.

सकाळी ब्राझीलचं एक जोडपं क्लबहाउसमध्ये आलं. बाई गोड होत्या, पण म्हणाल्या, आमच्याकडे पोर्तुगीज बोलतात, आम्ही हिस्पॅनिक नव्हे. आडनाव तसं वाटतं म्हणून कुणी तुम्हाला नेपाळी ठरवलं तर? मी माफी मागितली. तासाभराने आंद्रेस आला. हा स्पेनचा, बांधकामावरचा इंजिनिअर. म्हणाला, ती टोपी मेक्सिकोची, निवडुंगही तिकडचाच, झेंडा मात्र आमचा. दोघांच्या मध्ये अख्खा समुद्र आहे. तो हसत होता, पण माझे कान तापले.

नूराने दार लावून घेऊन विचारलं, लोकांना एकत्र आणायला सांगितलं होतं ना? मंगळवारी सगळ्यांना बोलावून त्यांचंच ऐकून घे म्हणाली. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बैठक झाली. फिसकटली म्हणायला हरकत नाही.

चारजण आले होते. आंद्रेस, कोलंबियाची लुझ, जिचा नवरा हृदयाचा डॉक्टर आहे आणि जी स्वतः तिकडे शाळेत शिकवायची, कोराझोन, तिला सगळे कोरा म्हणतात, फिलिपिन्सची, आणि टेक्सासचे डॅनियल ट्रेव्हिनो. ट्रेव्हिनो साठीच्या पुढचे, वीज केंद्रातल्या लोकांना सुरक्षेचं प्रशिक्षण देतात, व्हिलात एकटेच राहतात.

मी सरळ सांगून टाकलं, मला हा शब्दच कळलेला नाही, तुम्हीच समजावा. आंद्रेस म्हणाला, रोमन लोक आमच्या मुलखाला हिस्पानिया म्हणायचे, त्यावरून आलाय तो. त्याच्याही आधी फिनिशियन खलाशी तिथे उतरले. आमच्याकडचे ससे बघून त्यांना आपल्या देशातला खडकात राहणारा सशाएवढा प्राणी आठवला आणि त्यांनी त्याचंच नाव किनाऱ्याला ठेवलं, अशी एक कथा सांगतात. खरीखोटी कुणालाच माहीत नाही. “पण मला हिस्पॅनिक म्हणणारी तू पहिलीच,” तो म्हणाला.

लुझ म्हणाली, कोलंबियात होते तोवर मी कोलंबियन होते. बहिणीकडे मायामीला गेले आणि पहिल्याच आठवड्यात हिस्पॅनिक झाले. क्यूबाची शेजारीण, मेक्सिकोचा भाजीवाला, मी, सगळे एका नावात. आधी राग आला. मग भाजीवाल्याने आमच्या भाषेत भाव सांगितला तेव्हा बरं वाटलं.

कोराने विचारलं, मी मोडते का यात? स्पेनने आमच्यावर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, आडनावं दिली, देव दिला. पण स्पॅनिश मला येत नाही. आंद्रेस आणि लुझ एकमेकांकडे बघायला लागले आणि मग दोघांचं आपसात स्पॅनिश सुरू झालं. भरभर, हातवारे करत, हसत. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ऐकायला छान वाटत होतं.

तेवढ्यात आंद्रेसने वळून ट्रेव्हिनोंना काहीतरी विचारलं. ते गप्प. त्याने पुन्हा विचारलं. ट्रेव्हिनो इंग्रजीत म्हणाले, मला कळलं नाही. आंद्रेस सहज म्हणाला, “असं आडनाव असून?”

ट्रेव्हिनो उठले, माझं नाव यातून काढा म्हणाले आणि निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

विचित्र माणूस. या लोकांबरोबर बसणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. अमेरिकन ना शेवटी.

गुरुवार, १८ सप्टेंबर

नूराला सगळं सांगितलं. खडकातल्या प्राण्याची गोष्ट ऐकून ती खुर्चीत मागे टेकून हसली. म्हणाली, तो वबर. तिकडे डोंगरात, तायफला, माझ्या मामाच्या घरामागे ऊन खात बसतात, लठ्ठ असतात, आणि चावतात. म्हणजे चुकीच्या प्राण्यावरून देशाचं नाव पडलं आणि त्या देशावरून दुसऱ्याच खंडातल्या लोकांचं?

मग तिने मला विचारलं, आम्ही तुम्हाला सगळ्यांना ‘हिंदी’ म्हणतो, तुला चालतं का? मी म्हटलं, बत्ह्याच्या बाजारात दुकानदार ‘हिंदी?’ विचारतो तेव्हा मी हो म्हणून मोकळी होते. नाव सिंधूवरून पडलं म्हणतात, पण ती नदी काही मी पाहिलेली नाही. मराठी आहे हे सांगायला लागलं तर भाजी राहून जाईल.

“पण कुणी विचारलं तर आवडेल ना?” ती म्हणाली.

कार्यक्रमाचं काय ते पंधरा दिवसांत सांग म्हणाली, नाही जमलं तर खलास, सोडून दे, दिवाळीचा कर. तिने हे चांगुलपणाने सांगितलं. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं की माझी जागा जाणार.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सौदीच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, पण कम्पाउंडमध्ये मुलांसाठी कार्यक्रम होता, म्हणून गेले. हिरवे फुगे, हिरवे केक, सगळं नीट पार पडलं.

ट्रेव्हिनो आजही क्लबहाउसच्या कोपऱ्यात बसले होते. रोज संध्याकाळी तिथेच असतात, कारण वायफाय तिथे चांगलं चालतं. व्हिडिओवर एक म्हातारी बाई बराच वेळ बोलत असते आणि हे फक्त “ओके, मामा. ओके” म्हणतात. मोजकंच बोलणारा माणूस दिसतोय. माझ्या आईशी मी असं बोलले असते तर तिने फोन ठेवला असता.

आईवरून आठवलं, काल फोनवर ज्ञानदा तिला “हाय आजी, आयॅम फाइन” म्हणाली आणि मोबाइल मला दिला. आई म्हणाली, गोड बोलते गं. परीक्षा जवळ आलीय तिची, वेळच नसतो.

रविवार, २८ सप्टेंबर

मी फार चुकीचं समजत होते.

डोकं दुखत होतं म्हणून दवाखान्यात गेले. कोरा रक्तदाब बघता बघता म्हणाली, ट्रेव्हिनोंवर रागावू नकोस. त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार आहे. वर्षभरात ती इंग्रजी विसरली. पूर्ण. आता फक्त लहानपणीचं स्पॅनिश उरलंय आणि ते यांना येत नाही. आई मिनेसोटात मुलीकडे राहते. त्या बहिणीलाही येत नाही.

हे कोराला त्यांनी स्वतः सांगितलेलं. तिचं आडनाव बघून एकदा दार लावून त्यांनी विचारलं होतं, आईचं एक वाक्य ऐकशील का? ती म्हणाली, मला स्पॅनिश येत नाही, पण आमच्या बोलीत वस्तूंची नावं तिकडचीच आहेत, टेबल, खिडकी, चमचा. त्या वाक्यातला एक शब्द कळला, सापातोस. बूट. आई रोज बूट मागते. तेव्हापासून ट्रेव्हिनो बूट पाठवतायत. मऊ, रुंद, पट्टीचे, बिनपट्टीचे. तरी ती मागतेच.

मी विचारलं, मग लुझला का नाही विचारलं? कोरा म्हणाली, “तुझी आई मराठीत रडली आणि तुला कळलं नाही, तर तू दुसऱ्या मराठी बाईला सांगशील का?”

घरी येताना मेट्रोत माझं स्टेशन चुकलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

ट्रेव्हिनोंकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, दारात सगळं विसरले. कोराने सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नका, एवढंच म्हणता आलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि आत या म्हणाले.

कॉफी झाली. मग आपणहून बोलायला लागले. आईचा जन्म टेक्सासमधल्या कापसाच्या गावातला. शाळेत स्पॅनिश बोललं की फळीने मारायचे. आईने तेव्हाच ठरवलं, माझी मुलं मार खाणार नाहीत. घरात आई-वडील हळू आवाजात स्पॅनिश बोलायचे आणि मुलं आली की इंग्रजी. म्हणाले, मला वाटायचं ती मोठ्यांची भाषा आहे, मोठा झालो की आपोआप येईल.

त्या शब्दाबद्दल मी विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, सत्तरच्या दशकापर्यंत आम्ही मेक्सिकन होतो, शाळेत त्याहून वाईट नावं होती. मी कॉलेजात जायच्या आदल्या वर्षी, ऐंशीच्या जनगणनेत, प्रत्येक घराला विचारलं, तुम्ही स्पॅनिश किंवा हिस्पॅनिक मुळाचे आहात का? मेक्सिकोचे, क्यूबाचे, पोर्तो रिकोचे, सगळे त्या एका प्रश्नात बसवलेले. रंग कुठलाही असो. वडील वैतागले, म्हणाले, हे वॉशिंग्टनवाल्यांनी दिलेलं नाव आहे. आई म्हणाली, असू दे, आता आपल्याला मोजतील तरी.

“तेव्हापासून मी हिस्पॅनिक आहे,” ते म्हणाले. “नोकरीत, बँकेत, दवाखान्यात. सगळीकडे. शब्द माझ्याकडे आहे, भाषा नाही. त्या दिवशी तुमच्या बैठकीत सगळ्यांना ते कळलं.”

मी म्हटलं, लुझला बोलावू? ते नाही म्हणाले. मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, उद्या संध्याकाळी सातला आईचा फोन असतो, घरूनच करेन.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज लिहायलाच हवं.

लुझला दुपारी सांगितलं. तिने ऐकता ऐकता केस बांधले. सातला आम्ही तिघं ट्रेव्हिनोंच्या स्वयंपाकघरात बसलो. पडद्यावर त्यांची आई, दोन्या तेरेसा, म्हणजे तेरेसाबाई. पांढरी वेणी, खिडकीतून सकाळचा उजेड. तिकडे सकाळ होती. तिने मुलाकडे बघितलं आणि लगेच बोलायला सुरुवात केली, तेच ते, सापातोस. लुझ पुढे वाकली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, बहुधा नमस्कारच. म्हातारी थांबली. तिचा चेहरा असा झाला, जणू लांबच्या प्रवासात कुणी ओळखीचं भेटावं.

मग दोघी बोलल्या. म्हातारी एकदा हसली. लुझने डोळे पुसले आणि ट्रेव्हिनोंना सांगितलं, तिला नवे बूट नकोत. ती म्हणते, दुपार झाली, दानिएलितो, छोटा डॅनियल, शाळेच्या बसमधून उतरेल. ऊन आहे. मी नाही दिसले तर तो थांब्यावर उभा राहून रडेल. माझे बूट द्या, मला त्याला आणायला जायचंय.

ट्रेव्हिनोंनी हात तोंडावर ठेवला.

“मी काय म्हणू तिला?” त्यांनी विचारलं.

लुझने हळू सांगितलं, दोनच शब्द आहेत, “या येगे.” आलो मी. तिने दोनदा म्हणवून घेतलं. मग ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, “या येगे, मामा.”

म्हातारीने त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग काहीतरी विचारलं. लुझ रडता रडता हसायला लागली. म्हणाली, ती विचारते, जेवलास का?

त्यांना मान कशी हलवायची ते सांगावं लागलं नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

बूट मागणं थांबलेलं नाही. ट्रेव्हिनोंनी आज सांगितलं. रोज दुपारची बस येतेच. पण ‘या येगे’ म्हटलं की ती शांत होते आणि जेवलास का विचारते. बहिणीलाही त्यांनी वाक्य शिकवलंय, ‘या येगो’, तो आला.

आंद्रेसला लुझने काय सांगितलं माहीत नाही. तो त्यांच्या दारी चीज घेऊन गेला होता, दीड तास बाहेर आला नाही.

आणि ट्रेव्हिनो मला म्हणाले, माझं नाव पुन्हा घाला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

झाली संध्याकाळ. पोस्टरवर टोपी नाही, झेंडा नाही. फक्त एवढंच: ‘हिस्पॅनिक: तुमच्या घरी या शब्दाचा अर्थ काय?’ लुझची कल्पना. वीसेक येतील वाटलं होतं, खुर्च्या बाहेरून आणाव्या लागल्या.

ब्राझीलच्या बाई आल्या, म्हणाल्या, आम्ही यात नाही, पण शेजारी तर आहोत, आणि चीजचे गोल पाव घेऊन आल्या. लुझने मक्याच्या जाड भाकऱ्या केल्या होत्या, अरेपा. कोराने आपल्या बोलीतले शब्द एकेक म्हटले, मेसा, बिंताना, कुचारा, आणि आंद्रेस प्रत्येकाला ‘सी, सी’ म्हणून टाळी देत होता. शेवटी तो म्हणाला, ही हिस्पॅनिक आहे की नाही हे वॉशिंग्टनला ठरवू दे, माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात ही हरवणार नाही. नूराने तायफच्या वबरचा फोटो आणला होता. सगळ्यांत जास्त गर्दी त्याच्याभोवतीच झाली.

ट्रेव्हिनो शेवटी उभे राहिले. मी घाबरले होते. त्यांनी आईची गोष्ट सांगितली, कापसाच्या गावापासून. इंग्रजीतच. म्हणाले, हा शब्द आम्हाला सरकारने दिला, पण माझ्या आईने तो घेतला, कारण तिला वाटलं आता कुणीतरी आपल्याला शोधत येईल. साठीनंतर तुम्ही मला रियाधमध्ये शोधत आलात.

टाळ्या नाही वाजल्या. लुझ जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

ज्ञानदा पाव वाटायला आली होती. परत येताना गाडीत मागे बसली होती. किंग फहद रस्त्यावर वाहनं थांबली तेव्हा इंग्रजीत म्हणाली, “आई, तू म्हातारी झाल्यावर इंग्रजी विसरलीस तर?”

मी हसले. म्हटलं, मी कशाला विसरते.

ती बाहेर बघत राहिली. मग तिने विचारलं, ‘तुला कुठे दुखतंय’ हे मराठीत कसं विचारायचं?

मी सांगितलं. तिने म्हणून पाहिलं. ‘ठ’ तिला जमत नाही. रणजित गाडी चालवत होता, त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. घरापर्यंत ती तेच म्हणत आली, पुटपुटत.

रविवार, २६ ऑक्टोबर

नूराने आज सांगितलं, तीन महिने थांबायची गरज नाही, तू कायम. मी बाहेर येऊन रणजितला फोन केला, तर तो बैठकीत होता. कोराला सांगितलं. तिने मला मिठी मारली आणि रक्तदाब बघितला.

लुझ आठवड्यातून दोनदा क्लबहाउसमध्ये शिकवायला तयार झाली आहे. ट्रेव्हिनो, कोरा, ब्राझीलच्या बाई, आणखी दोघं-तिघं. फलकावर काय लिहायचं यावर चर्चा झाली. नूराला ‘हिस्पॅनिक क्लब’ आवडत होतं, लोकांच्या लक्षात राहील म्हणाली.

ट्रेव्हिनोंनी डोकं हलवलं. “हिस्पॅनिक मी पंचेचाळीस वर्षं आहे, त्याला शिकवणी लागत नाही,” ते म्हणाले. “नुसतं ‘स्पॅनिश’ लिहा.”

लिहिलं. पहिल्या तासाला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, कोरी वही, दोन पेनं, केस विंचरलेले. डिसेंबरमध्ये आईकडे जाणार आहेत, तिकीट काढलंय. त्यांनी लुझला विचारलं, तोवर मला कितपत येईल?

लुझने खडू शोधत सांगितलं, “आई तुमच्या चुका काढेल इतपत नक्की येईल.”